सातवा रकाना

क्षितिजा पन्हाळकरनं ती गाडी घेतली तेव्हा मी तिच्यासोबत होतो. घेऊ नकोस, असं मीच तिला तीनदा सांगितलं होतं.

२००४चा ऑक्टोबर. हिल्डेसहाइमच्या पलीकडच्या एका खेड्यात बीटाची काढणी चालू होती आणि रस्ताभर ट्रॅक्टरच्या चाकांतून गळलेला चिखल पडलेला. गाडी फ्राऊ ल्युडेके नावाच्या बाईंची. बाई गुरांच्या डॉक्टर, वय बासष्ट. गुडघे गेले म्हणून दवाखाना बंद करत होत्या. त्यांनी गॅरेजातून जी गाडी बाहेर काढली ती बघून मला हसूच आलं. १९९२ सालची सुबारू लेगसी, गडद हिरवी, चौकोनी तोंडाची. एखाद्या निवृत्त पोस्टमास्तरानं फक्त रविवारी बाहेर काढावी अशी. डिकीच्या झाकणावर उजवीकडे ‘टर्बो’ असं बारीक लिहिलेलं, तेही त्यातलं एक अक्षर गळलेलं.

“दोनशे अश्वशक्ती,” ल्युडेकेबाई म्हणाल्या. “आणि चारही चाकांना. नुसता बर्फ पडला की नाही, कायम.”

क्षितिजानं बॉनेट उघडलं, पिशवीतून एक लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली. इचलकरंजीत तिच्या वडिलांचं डिझेल पंप दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, हे ऐकणं तिथलंच. दोन मिनिटं ती तशीच वाकून उभी होती. मग म्हणाली, “चालवून बघू?”

बाईंनी डांबरी रस्ता दाखवलाच नाही. शेताकडची चिखलाची वाट दाखवली. मी मागच्या सीटवर दाराची मूठ धरून बसलो. ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्यांतून ती गाडी अशी गेली की जणू खाली रूळ टाकलेत. शेताच्या दुसऱ्या टोकाला क्षितिजानं ती फिरवली आणि परत येताना जरा जोरात पाय दिला. माझं डोकं मागच्या काचेला टेकलं.

“ही गाडी कुणाला माहीतच नाही,” कागदांवर सही करताना ल्युडेकेबाई म्हणाल्या. “लोक मला विचारायचे, गरीब डॉक्टरीणबाई, चांगली गाडी का घेत नाही? मी त्यांच्या गायी सोडवायला पहाटे बर्फातून पोचायचे, तरी तेच विचारायचे. त्यात गाडीचा काय दोष?”

हॅनोव्हरच्या लिंडन भागात आमचा फ्लॅट होता. ती, मी आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा तिसरा कुणीतरी. मी मल्हार, नाशिकचा, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो. क्षितिजा शहराबाहेरच्या एका वाहन-संशोधन संस्थेत होती. आमच्या मराठी मंडळात त्या गाडीची बातमी पोचायला आठवडा लागला नाही.

दिवाळीला शशिधर कारखानीस काकांकडे जेवण होतं. काका तीस वर्षं हॅनोव्हरमध्ये, विम्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दारात त्यांची नवीकोरी चंदेरी गाडी. आम्ही जिना चढत होतो तेवढ्यात प्रमोदिनीकाकूंनी खिडकीतून बघत काकांना विचारलं, “अहो, आपल्या फाटकापुढे कुणाची गाडी लागलीय? प्लंबर येणार होता का आज?”

सगळे हसले. क्षितिजाही हसली, आणि म्हणाली, “काकू, माझी आहे. प्लंबिंगपण करून देईन हवं तर.”

जेवताना काकांनी विषय सोडला नाही. “अगं, जर्मनीत येऊन जपानी गाडी? आणि तीही बारा वर्षांची म्हातारी? माणसानं कसं, ऋतू बघून राग गावा.”

“काका, जेवण झालं की एक चक्कर मारू या? तुम्ही चालवा.”

“नको, नको. पोटात श्रीखंड आहे.”

ती कुणाची मनधरणी करायची नाही. कुणी गाडीला हसलं तर किल्ली पुढे करायची. घेतली तर घेतली. बहुतेक जण घ्यायचे नाहीत.

आता तिच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. नव्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत साधारणपणे पुढची चाकंच ओढतात. पुढचं चाक घसरलं की एक कॉम्प्युटर ते ओळखतो, मधला क्लच दाबतो आणि ताकद मागच्या चाकांकडे जाते. घसरल्यापासून ताकद पोचेपर्यंत किती वेळ लागतो, हे मोजणं म्हणजे तिचा प्रबंध. हे क्लच बनवणारी एक कंपनी पैसे देत होती. कंपनीच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: कुठल्याही यांत्रिक प्रणालीहून जलद.

२००६च्या फेब्रुवारीत सेलेच्या बाजूच्या एका जुन्या विमानधावपट्टीवर मोजणी ठरली. कंपनीच्या सहा गाड्या येणार होत्या. सातवी हवी होती ती जुन्या पद्धतीची, कॉम्प्युटर नसलेली, तुलनेसाठी. कंपनीनंच ती कबूल केली होती. ऐन दिवशी सहाच आल्या. सातवी ‘उपलब्ध होऊ शकली नाही.’

“मग माझी घेऊ,” क्षितिजा म्हणाली.

संस्थेच्या प्रोफेसर हार्टविगांना ती लाल टोपीतली मुलगी आणि चिखलानं माखलेली हिरवी गाडी बघून गंमत वाटली. “आल्झो, बरं तर, घ्या की,” ते म्हणाले. सहा गाड्यांना होते तसेच टायर तिच्या गाडीला चढवले. तोच चालक, तेवढंच पाणी, तोच उतार. मी पाणी मारायच्या पाइपवर होतो. उणे चार तापमानात मी चार दिवस धावपट्टी भिजवली आणि माझे हातमोजे लाकडासारखे झाले, म्हणून ही मोजणी मी विसरणार नाही.

निकाल असा होता. कंपनीच्या सर्वांत चांगल्या गाडीला दोनशे दहा मिलिसेकंद लागले. क्षितिजाच्या गाडीला तीस. अर्धा बर्फ, अर्धं ओलं डांबर अशा चढावर सहांपैकी चार गाड्या आधी क्षणभर तोंड वाकडं करायच्या आणि मग चढायच्या. हिरवी गाडी नुसती चढायची. दहापैकी नऊ वेळा. मग ब्रेक लावायच्या चाचणीत ती शेवटची आली, पेट्रोल सर्वांत जास्त प्यायली आणि अचानक लेन बदलताना तिचा मागचा भाग बराच झुलला. क्षितिजानं तेही सगळं तक्त्यात भरलं. सात गाड्या, सात रकाने.

मार्चअखेर संस्थेत बैठक झाली. त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच मला सगळं सांगितलं. कांदा चिरता चिरता सांगत होती आणि सुरी जरा जास्तच जोरात चालत होती.

कंपनीतून टिलमान नावाचे गृहस्थ आले होते. तक्ता वाचून झाल्यावर त्यांनी पेनानं सातवा रकाना उभा खोडला.

“हा काढून टाका. बाकी उत्तम.”

“का?”

“फ्राऊ पन्हाळकर, ही तुमची खाजगी गाडी आहे. हे संशोधन नव्हे.”

“दुसरी अशीच गाडी आणा. चालक तुमचा आणा. जागा तुम्ही ठरवा. मी पुन्हा मोजते.”

“त्याची गरज नाही. तुमच्या गाडीत चारही चाकांना ताकद कायमच असते. तिथं ताकद पोचायची वाट बघावीच लागत नाही. तुलनाच चुकीची आहे.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” क्षितिजा म्हणाली. “वाट बघावी लागत नाही. मग तुमच्या पत्रकावर ‘कुठल्याही यांत्रिक प्रणालीहून जलद’ असं का छापलंय?”

टिलमानांनी पेनाला टोपण लावलं. मग टिलमान हसून म्हणाले, “तुम्ही तुमच्या गाडीच्या प्रेमात पडला आहात.”

“असेन. ब्रेकमध्ये ती शेवटची आलीय, तेही मीच लिहिलंय. प्रेमात असलेली बाई असं लिहीत नाही.”

ते गेल्यावर प्रोफेसरांनी तिला थांबवून घेतलं. माणूस वाईट नव्हता. बत्तीस वर्षं शिकवत होता आणि संस्थेतल्या निम्म्या पगारांची सोय त्या कंपनीच्या पैशांतून होत होती. “हुशारीनं घ्या,” ते म्हणाले. “एक रकाना. तुमच्या प्रबंधाला त्यावाचून काहीही कमी पडत नाही. डिसेंबरात तुमचं कंत्राट संपतं, ते मला वाढवायचं आहे.”

“मोजणीत चूक असेल तर दाखवा. मी आत्ता खोडते.”

“चूक नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.”

“मग तो राहील.”

कांदा कढईत टाकून ती माझ्याकडे वळली. “तू काय केलं असतंस?”

मी म्हणालो, परिशिष्टात टाक. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. खोटंही होत नाही आणि कुणी वाचतही नाही.

“तसं नाही विचारलं. तुझ्याकडे असा आकडा आला असता तर?”

आता इथं मला एक गोष्ट सांगावी लागेल. वर्षभरापूर्वी माझा एक लेख छापून आला होता. त्यातल्या आलेखावर अकरा बिंदू होते. बारावा रेषेपासून लांब पडत होता. मी तो प्रयोग पुन्हा केला नाही. नमुना बिघडला असेल असं स्वतःला सांगितलं आणि बिंदू काढला. हे मी तोवर कुणाला बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी तिला सांगितलं.

ती रागावली नाही. ढवळत राहिली. मग म्हणाली, “नमुना खरंच बिघडला असेल कदाचित.”

“असेलही.”

“पण तुला माहीत नाही.”

“नाही.”

“मला माझं माहीत आहे,” ती म्हणाली. “माझ्यापुढे तुझ्याइतकी सोय नाही बघ.”

त्या मासिकाला पत्र लिहावं असं तेव्हापासून माझ्या मनात आहे. अजून लिहिलेलं नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत तिला सगळ्यांनी शहाणपण शिकवलं. शशिधर काका खास फोन करून बोलले. “अगं, व्हिसा कंत्राटावर आहे ना तुझा? या लोकांत राहायचं तर दोन पावलं मागं यावं लागतं. मी तीस वर्षं तेच केलं, काही बिघडलं नाही.”

“काका, तुमचं नाही बिघडलं, हे मला मान्य आहे,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर काकांना त्याचा अर्थ लागला असावा, कारण त्यानंतर त्यांनी दोन महिने फोन केला नाही.

वडील तरी बाजू घेतील असं तिला वाटत होतं. रविवारी तिनं इचलकरंजीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. दिनकरराव पन्हाळकरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“रकाना खोडून सही करून टाक की,” ते म्हणाले.

“आबा, तुम्ही म्हणता हे?”

“मीच म्हणतोय. गाडी तुझी हाय, ती कुठं जात न्हाई. कागद त्यांचा हाय. डिग्री घे आणि मग काय भांडायचं ते भांड.”

“तुमच्या टेस्ट बेंचवर पंप नापास झाला तर तुम्ही पास लिहून देता का?”

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “दिलाय,” ते म्हणाले. “दोनदा. घरात खाणारी तोंडं पाच होती. तू लई शहाणी होऊ नकोस.”

तिनं फोन ठेवला. मला वाटलं आता हिचं मन बदलेल. तिनं कोट घातला, किल्ली घेतली आणि खाली गेली. तासाभरानं परत आली तेव्हा हाताला ग्रीस होतं. “पुढचा डावा बेअरिंग आवाज करतोय,” एवढंच म्हणाली.

एप्रिलमध्ये तिनं संस्थेला लेखी कळवलं: सातही रकाने राहतील. कंपनीचं उत्तर दहा दिवसांत वकिलाच्या कागदावर आलं. करारानुसार सहा गाड्यांची सर्व मोजमापं ही कंपनीची मालमत्ता आहे, ती कुठंही छापायला परवानगी नाही. तीन वर्षांचं काम एका पानानं गेलं. परिषदेतला निबंध रद्द झाला. प्रोफेसरांनी तिला बोलावून सांगितलं की नवा विषय घ्यायला हवा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि त्यासाठी कंत्राट वाढेल असं ते सांगू शकत नाहीत.

त्या दिवशी ती रडली. मी तिला रडताना एकदाच बघितलं, ते तेव्हा. गाडीतच बसून रडली, खाली रस्त्यावर, काचा वर करून. मी चहा घेऊन गेलो तर काच खाली केली, कप घेतला आणि पुन्हा वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रोफेसरांच्या दारात उभी होती.

“सहा गाड्या त्यांच्या,” ती म्हणाली. “सातवी माझी. तिची मोजमापं माझी. ती छापायला मला कुणाची परवानगी लागत नाही.”

“एका जुन्या गाडीवर प्रबंध होत नाही, फ्राऊ पन्हाळकर.”

“एक जुनी गाडी चौदा वर्षांनी अजून तीस मिलिसेकंदात का चालते, यावर होतो.”

तिच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये एक बंद डबा होता. त्यात पत्र्याच्या पातळ चकत्या आणि मधासारखं घट्ट तेल. कॉम्प्युटर नाही, तार नाही. पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरायला लागली की तेलच त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतं. असे डबे वर्षानुवर्षं वापरून कसे बदलतात यावर नीट काम झालेलं नव्हतं, कारण जुन्या गाडीनं काय काय सोसलंय याची नोंद कुणी ठेवत नाही.

प्रोफेसर खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “मी अडवणार नाही. पैसे देऊ शकत नाही. वर्कशॉपची किल्ली शनिवारी देईन.”

कंत्राट डिसेंबरात संपलं. आउसलेंडरबेह्योर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसा-कचेरीच्या, खिडकीमागच्या बाईंनी फाइल चाळून विचारलं की आता तुम्ही नक्की कोण आहात. “विद्यार्थिनी,” क्षितिजा म्हणाली. प्रोफेसरांचं पत्र दोन ओळींचं होतं, पण ते होतं. शिक्का पडला. वर्षाला नव्वद दिवस काम करायची मुभा. ते दिवस तिनं एका टायरच्या गोदामात काढले. ऑक्टोबरात उन्हाळी टायर उतरवून हिवाळी चढवायचे आणि एप्रिलमध्ये उलट. ट्रामनं घरी यायची तेव्हा केसांनासुद्धा रबराचा वास यायचा. शनिवारी वर्कशॉप. भाड्यातला तिचा वाटा काही महिने मी भरला, आणि ती तो हिशेब काढायला लागली की मी खोलीतून उठून जायचो.

नोंदींचा प्रश्न ल्युडेकेबाईंनी सोडवला. क्षितिजा गाडीबद्दल विचारायला त्यांच्याकडे गेली होती आणि गप्पांत म्हणाली, या गाडीनं बारा वर्षांत काय काय केलं हे कळलं असतं तर बरं झालं असतं. बाई आतल्या खोलीत गेल्या आणि एक बुटाचं खोकं घेऊन आल्या. त्यात एकवीस वह्या होत्या. धंद्याच्या गाडीला करखात्यासाठी फार्टेनबुख ठेवावं लागतं, म्हणजे प्रत्येक फेरीची नोंद. बाई नेटक्या होत्या. तारीख, गाव, किलोमीटर, आणि शेजारी शेरा: ‘बर्फ, घोट्यापर्यंत’. ‘चिखल, ट्रेलरला घोडा’. ‘कोरडं, घाई, वासरू उलटं’. बारा वर्षं, एकही फेरी न सोडता.

“मला वाटायचं, हे करखात्याशिवाय कुणी वाचणार नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांनीही वाचलं नाही.”

दीड वर्ष क्षितिजा त्या वह्यांमध्ये होती. तिनं डबा उघडला, तेल काढून तपासलं, आणि त्यासाठी आमच्या प्रयोगशाळेचं यंत्र लागलं तेव्हा मी संध्याकाळी ते चालवून दिलं. वासरं, घोडे आणि बर्फ यांचे तिनं आकडे केले आणि तेल किती झिजलं याचं एक गणित मांडलं. गणित जमलं. अगदी तंतोतंत नाही, पण ती जिथं जमलं नाही तिथं ‘जमलं नाही’ असं लिहीत होती.

प्रबंधाच्या बचावाची, म्हणजे परीक्षकांपुढच्या तोंडी परीक्षेची, तारीख जुलै २००८ ठरली. आदल्या महिन्यात प्रोफेसरांनी मसुदा वाचला आणि एका पानावर थांबले. पान चौऱ्याऐंशी. तिथं एक तक्ता होता. सात रकाने. पहिले सहा कोरे. प्रत्येकाच्या डोक्यावर ‘वाहन १’, ‘वाहन २’ असं, आणि खाली एकच ओळ: मोजलेले, मालकाच्या मागणीवरून प्रसिद्ध केलेले नाही. सातवा रकाना भरलेला.

“हे कोरे रकाने काढा,” प्रोफेसर म्हणाले. “उगाच डिवचल्यासारखं दिसतं.”

“एकही आकडा छापलेला नाही. कंपनीचं नाव नाही. वकिलाला दाखवा.”

“दाखवलं,” ते म्हणाले. “त्याला काही सापडलं नाही. पण गुणांवर परिणाम होईल. मी आत्ताच सांगतो.”

“होऊ दे.”

बचावाच्या दिवशी सभागृहात वीसेक लोक होते. ल्युडेकेबाई काठी घेऊन पहिल्या रांगेत. शशिधर काका आणि प्रमोदिनीकाकू मागे. काका का आले हे मला कळलं नाही, पण कोट-टाय घालून आले होते. ऑस्ट्रियातून आलेल्या दुसऱ्या परीक्षकांनी तेलाबद्दल तासभर खोदून विचारलं आणि त्यांना मजा येत होती हे दिसत होतं. मग श्रोत्यांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली आणि शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला. टिलमान.

“एकाच गाडीवरून निष्कर्ष काढणं तुम्हाला धाडसाचं वाटत नाही का? शास्त्रात एक म्हणजे काहीच नाही.”

क्षितिजानं पडद्यावर पान चौऱ्याऐंशी आणलं. सहा कोरे रकाने भिंतभर पसरले.

“बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. “एक कमीच आहे. माझ्याकडे सात होत्या.”

तेवढंच म्हणाली आणि थांबली. कुणीतरी खोकलं. ऑस्ट्रियाचे परीक्षक तक्त्याकडे बघत राहिले, मग वळून टिलमानांकडे, मग प्रोफेसर हार्टविगांकडे. प्रोफेसरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. टिलमान म्हणाले, “धन्यवाद,” आणि बसले.

पदवी मिळाली. श्रेणी साधीच होती, ‘चांगलं’, वरून तिसरी. ऑस्ट्रियाच्या परीक्षकांनी वरची दिली होती असं नंतर कळलं. बाहेर आल्यावर तिथल्या रिवाजाप्रमाणे सहकाऱ्यांनी तिच्या डोक्यावर पुठ्ठ्याची उंच टोपी घातली. प्रोफेसरांनी हात मिळवला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. “माझ्या जागी तुम्ही असता तर?” त्यांनी हळूच विचारलं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडे कुणाचे पगार नव्हते.”

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. त्यांनाही तसं वाटलं नसावं.

शशिधर काका बाहेर पार्किंगमध्ये हिरव्या गाडीभोवती हात मागे बांधून फिरत होते. आम्ही जवळ गेलो तसे म्हणाले, “किल्ली दे बघू.” क्षितिजानं दिली. काका टाय सैल करून बसले, प्रमोदिनीकाकू शेजारी. “अहो, हळू हं,” काकू म्हणाल्या. गाडी फाटकातून गेली आणि वीस मिनिटं आली नाही. परत आली तेव्हा काकूंचा अंबाडा सुटला होता. काकांनी किल्ली परत केली, घसा खाकरला, आणि म्हणाले, “ठीक आहे गाडी.”

क्लचच्या धंद्यात तिला कुणी नोकरी देईना. चार ठिकाणी मुलाखतीपर्यंत गेली आणि चारही ठिकाणी आधी हसून बोललेले लोक नंतर गप्प झाले. पुरावा काही नाही, आणि तिनं शोधलाही नाही. ऑक्टोबरात रेगेन्सबर्गजवळच्या एका लहान कारखान्यात जागा मिळाली. ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स. तिथल्या मालकानं प्रबंध वाचला होता, तोही वासरं आणि घोड्यांच्या नोंदी आवडल्या म्हणून.

निघायच्या आधी तिनं इचलकरंजीला फोन केला. “आबा, नोकरी लागली.”

“कशात?”

“ट्रॅक्टरात.”

“बरं झालं,” दिनकरराव म्हणाले. मग विचारलं, “आणि ती तुझी गाडी?”

“तिच्यातूनच चाललेय.”

“तेल बदलून घे.”

सामान चढवायला आणि सोबत म्हणून मी रेगेन्सबर्गपर्यंत गेलो. मागच्या सीटवर कुकर, पुस्तकांची खोकी आणि अवजारांची पेटी. कासेलच्या दक्षिणेला रस्ता लांबलचक चढतो. आम्ही ट्रक ओलांडायला डाव्या लेनमध्ये होतो तेवढ्यात मागून एक मोठी काळी गाडी अगदी डिकीला चिकटली आणि दिवे मारायला लागली. एकदा, दोनदा, मग सारखे.

“जाऊ दे त्याला,” मी म्हणालो.

“ट्रक ओलांडून झाले की देते जाऊ,” ती म्हणाली. काळ्या गाडीनं पुन्हा दिवे मारले. क्षितिजानं आरशात पाहिलं, गिअर एक खाली टाकला आणि पाय दिला.

इंजिनाचा आवाज खोल झाला, पुढून एक बारीक शीळ उठली, आणि चढ असा संपायला लागला की मागच्या सीटवरचा कुकर घरंगळून मागे आपटला. मी आरशात बघितलं. दिवे लांब गेले, मग वळणाआड. ट्रक संपले तशी ती उजव्या लेनमध्ये आली, वेग कमी केला, आणि पाच मिनिटांनी ती काळी गाडी आमच्या शेजारून गेली. चालवणाऱ्यानं आधी आमच्या गाडीच्या मागच्या झाकणाकडे पाहिलं, तिथं काय लिहिलंय ते वाचायला, मग मान वळवून आमच्याकडे.

“पुढच्या पंपावर थांबावं लागेल,” क्षितिजा म्हणाली. “टाकी रिकामी होत आलीय.”

“आत्ताच तर भरली होती.”

“पिते ती,” ती म्हणाली. “तेही लिहिलंय मी. पान नव्वद.”